समुद्रतळाच्या भेटीस निघण्यापूर्वीं

समुद्राच्या पृष्ठावरून प्रवास करणाऱ्यांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. परंतु जीं गलबतें तळाशीं गेलीं तीं तेथें कशीं गेलीं, आणि त्यांचा शोध घ्यावयास माणूस कोणत्या साधनांनीं खालीं उतरला, हा विषय आपल्या घरांतून सहसा निघत नाहीं. अलीकडे मात्र त्याला एक निमित्त मिळालें आहे. कल्याणच्या पलीकडे अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर हा जो दाट वस्तीचा पट्टा आहे, त्यांत आणि त्यांतल्या मोरिवलीसारख्या गांवांतही, दिवाळीची सुटी जवळ आली कीं तरुण मंडळी मालवण-तारकर्लीस जाऊन पाण्याखालीं उतरण्याचे बेत करूं लागतात. पाठीवर दाबलेल्या हवेचें नळकांडें, तोंडांत नळी, डोळ्यांवर कांच, असा थाट करून प्रवाळ पाहावयाचें. जमल्यास पुढें गोव्यास जाऊन एखादें बुडालेलें जहाज पाहावयाचें. या साधनास इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘स्कूबा’ असें नांव पडलें आहे. बेत चांगला आहे. परंतु गाडीचें तिकीट, राहण्याची सोय आणि छायाचित्रें घेण्याचें यंत्र यांपलीकडे त्यासाठीं आणखी कसली तयारी करावी, याविषयीं आज मला बोलावयाचें आहे. आणि त्या तयारीचा मोठा भाग इतिहासाचा आहे असें माझें मत आहे.

मोरिवली समुद्रापासून दूर आहे असें आपण समजतों. आज त्या नांवाबरोबर औद्योगिक वसाहत डोळ्यांपुढें उभी राहते, लाटा नव्हेत. पण अंबरनाथच्या देवळाशेजारून वाहणारी वालधुनी उल्हास नदीस मिळते, आणि उल्हास कल्याणवरून खाडीच्या रूपानें समुद्रास जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथांत कल्याण बंदराचा उल्लेख आहे. तेथें चुकून आलेलीं परदेशीं जहाजें पहारा ठेवून भडोचेस नेलीं जात, असेंही त्यांत म्हटलें आहे. शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा लेख असलेलें अंबरनाथचें शिवालय ज्या शिलाहारांच्या राजवटींत उभें राहिलें, ते उत्तर कोंकणचे शिलाहार बंदरांवर जगणारे राजे होते. त्यांच्यापैकीं अनंतदेवाचा शके १०१६ चा एक ताम्रपट खारेपाटणास सांपडला आहे. स्थानक म्हणजे ठाणें, शूर्पारक म्हणजे सोपारें, चेमुली म्हणजे चौल इत्यादि बंदरांत येणाऱ्या कांहीं जहाजांची जकात त्यांत माफ केलेली आहे. हें खारेपाटण सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वाघोटणच्या खाडीवर आहे, आणि तीच खाडी खालीं विजयदुर्गापाशीं समुद्रास मिळते. म्हणजे आमच्या तरुणांची सहल ज्या किनाऱ्यावर जावयाची, त्या किनाऱ्याशीं अंबरनाथच्या राजांचा संबंध नऊशें वर्षांपूर्वींच जुळलेला आहे.

या राजवंशाचा शेवटही पाण्यांतच झाला. देवगिरीच्या महादेव यादवानें शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याच्यावर स्वारी केली. जमिनीवर पराभव झाल्यावर सोमेश्वर जहाजांवर चढला, आणि इ. स. १२६५ च्या सुमारास समुद्रांत बुडून मेला. हेमाद्रीनें आपल्या धन्याची स्तुति करतांना असा भाव मांडला आहे कीं, महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षां समुद्राच्या पोटांतला वडवानल सोमेश्वरास सोसवेल असा वाटला. विजयी पक्षाच्या पंडिताची ही भाषा आहे. बुडणाऱ्यास काय वाटलें हें तिच्यावरून समजावयाचें नाहीं. बोरिवलीजवळ एकसर येथें जे वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांच्या रांगा असलेलीं जहाजें आणि त्यांवर लढणारे योद्धे कोरलेले आहेत. कांहीं विद्वान् त्यांचा संबंध याच लढाईशीं जोडतात, कांहीं तीं शिल्पें त्याहून जुनीं मानतात. तें कसेंही असो. पाण्याखालीं उतरण्यापूर्वीं जो मनुष्य एकसरचे ते दगड एकदां पाहून येईल, त्याला जहाज बुडणें म्हणजे काय याची कल्पना कोणत्याही चित्रपटापेक्षां अधिक चांगली येईल. अंबरनाथहून बोरिवली कांहीं फार लांब नाहीं.

पुढें इ. स. १६५७ मध्यें कल्याण शिवाजीमहाराजांच्या हातीं आलें, आणि १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीच्या खाडींत महाराजांचीं जहाजें बांधलीं जात असल्याचें पोर्तुगीज पत्रांवरून दिसतें. त्या कामावर रुय लैतांव व्हियेगश हा पोर्तुगीज व त्याचे कारागीर होते, व आपल्या लोकांच्या दबावामुळें ते काम सोडून पळून गेले. कारागीर गेले म्हणून काम थांबलें नाहीं. पांच वर्षांनीं, २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं, मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. मालवणचें बंदर परक्या जहाजास फार अडचणीचें आहे, कारण पाण्याच्या पृष्ठाखालीं लपलेल्या खडकांची तेथें जाळीच पसरलेली आहे. ज्याला वाट ठाऊक आहे तोच आंत येऊं शकतो. दुसऱ्या कोणी हें बंदर टाकाऊ म्हटलें असतें. महाराजांनीं त्याच दोषाचा तट केला. आज ज्या खडकांवर वाढलेलें प्रवाळ पाहण्यासाठीं पर्यटक पांच-सात मीटर खालीं उतरतात, ते खडक एके काळीं राज्याचे पहारेकरी होते. त्यांची वाट जाणणारे गाबीत तांडेल मराठ्यांच्या आरमारांत होते, आणि त्याच समाजाचीं मुलें आज किनाऱ्यावर पर्यटकांना हातास धरून पाण्याखालीं नेतांना दिसतात. त्यांना नुसतें ‘भाऊ, मासे दाखवा’ म्हणण्याऐवजीं ‘या खडकाचें नांव काय?’ असें विचारून पाहावें. प्रत्येक खडकास नांव असतें, आणि बहुतेक नांवांमागें कोणाची तरी फुटलेली होडी असते.

आतां उतरण्याच्या साधनाकडे वळूं. पाणबुडे पुरातन काळापासून आहेत. मानारच्या आखातांत मोत्यांसाठीं बुड्या मारणारे लोक केवळ छातींतल्या श्वासावर खालीं जात. माणसाला तळाशीं कांहीं काळ काम करतां येईल असा पितळी शिरस्त्राणाचा पोशाख एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांत सिद्ध झाला. डीन नांवाच्या भावांनीं आणि सीबे या कारागिरानें त्यांत सुधारणा केल्या. याच डीनकडे १८३६ मध्यें कांहीं कोळी आले. त्यांचीं जाळीं तळाशीं कशांत तरी अडकत होतीं. डीन खालीं गेला तेव्हां त्याला १५४५ मध्यें बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेच्या तोफा सांपडल्या. ती नौका पुढें १९८२ मध्यें वर काढण्यांत आली. बुडालेल्या जहाजाची पहिली बातमी कोळ्याच्या फाटक्या जाळ्याकडून यावी, हें जगांत सर्वत्र घडत आलें आहे; इतिहाससंशोधकाच्या टिपणवहीला ती नंतर कळते.

त्या पोशाखांत हवा वरून नळीनें पुरवावी लागे, आणि माणूस त्या नळीला बांधलेला असे. ती बेडी तुटली १९४३ मध्यें, जर्मनांनीं व्यापलेल्या फ्रान्समध्यें. तेथें पेट्रोल मिळेनासें झालें होतें, म्हणून एमिल गान्यां नांवाच्या एंजिनियरानें मोटारी वायूवर चालाव्यात यासाठीं एक झडप तयार केली होती. (आपल्याकडेही त्या युद्धांत कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या मोटारी रस्त्यांवर धांवत होत्याच.) नौदलांतील अधिकारी झाक कुस्तो यानें ती झडप पाहिली. दोघांनीं मिळून तिचा असा उपयोग केला कीं, पाणबुड्या जितका खोल जाईल तितक्याच दाबाची हवा, त्यानें श्वास ओढतांच, नळकांड्यांतून त्याला मिळावी. पेट्रोलच्या टंचाईंतून निघालेली ही युक्ति आज तारकर्लीच्या किनाऱ्यावर रांगेनें मांडून ठेवलेली असते.

दाबाचा हा मुद्दा सुशिक्षित कुटुंबांनीं नीट समजून घ्यावा, कारण त्यांत जिवाचा प्रश्न आहे. दर दहा मीटर खोलीला सुमारें एका वातावरणाचा दाब वाढतो. वीस मीटरवर तो पृष्ठावरच्या तिप्पट होतो. अशा दाबाची हवा श्वासांतून आंत गेली कीं तींतला नत्रवायु रक्तांत व मांसांत विरघळतो, आणि माणूस घाईनें वर आला तर सोड्याची बाटली उघडावी तसा तो बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडूं लागतो. सांधे आखडतात, अर्धांग होतें, मृत्यूही येतो. किती खोल, किती वेळ, आणि वर येतांना कोठें किती थांबावें, याचीं कोष्टकें हॉल्डेन या स्कॉटिश शास्त्रज्ञानें १९०८ मध्यें प्रसिद्ध केलीं. आजचीं मनगटावरचीं यंत्रें त्याच विचाराच्या पायावर चालतात. दुसरा धोका नवशिक्याला उथळ पाण्यांतही असतो: श्वास कोंडून वर येऊं नये. खालीं भरलेली हवा वर येतांना फुगते व फुप्फुस फाडते. पाण्यांत घाबरलेला मनुष्य स्वभावतःच श्वास कोंडतो. म्हणून शिक्षक किनाऱ्यावर जें पुनःपुन्हां सांगतो तें हंसण्यावारी नेऊं नये.

यांतूनच प्रवासाच्या आंखणीचा एक नियम निघतो, जो वेळापत्रकें करणाऱ्यांच्या ध्यानांत राहत नाहीं. खोल किंवा पुष्कळ बुड्या मारल्यावर अठरा ते चोवीस तास विमानांत बसूं नये, कारण वर हवेचा दाब कमी असतो. हीच गोष्ट डोंगराची. मालवणाहून परततांना कोल्हापुरास अंबाबाईचें दर्शन घेऊं, असें म्हणून लोक त्याच दुपारीं आंबोलीच्या किंवा गगनबावड्याच्या घाटानें वर चढतात. एकदां पांच मीटर उतरलेल्या हौशी माणसास त्यापासून फारसें भय नाहीं. पण शिक्षण घेऊन दिवसांतून तीन-तीन वेळां उतरणाऱ्यानें देवदर्शन जातांना करावें, येतांना नव्हे. मोरिवलीकराला कोंकण रेल्वेनें कुडाळहून पनवेल-ठाण्यास किनाऱ्याकिनाऱ्यानें परतण्याची सोय आहे, ती या दृष्टीनें उत्तम.

आतां गोव्याकडे. पणजीजवळ दोना पावला येथें राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. ती १९६६ मध्यें स्थापन झाली. लोथल उत्खननाचे शि. रं. राव यांच्या पुढाकारानें तेथें समुद्रांतील पुरातत्त्वाचें काम सुरू झालें, आणि द्वारकेच्या समुद्रांतील शोध त्याच संस्थेनें केले. गोव्याच्या समुद्रांत या लोकांनीं जें काम केलें तें द्वारकेइतकें गाजलें नाहीं. मला तें अधिक विश्वसनीय वाटतें. मुरगांवच्या जवळ सुंची रीफ नांवाचा खडक आहे. त्याच्या उथळ पाण्यांत सतराव्या शतकांतील एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष सांपडले: तोफा, बंदुकांच्या नळ्या, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, मोठाले मर्तबान, आणि हत्तीच्या सुळ्यांबरोबर पाणघोड्याचे दांत. पाणघोडा हिंदुस्थानांत नाहीं, तेव्हां माल आफ्रिकेचा, हें उघड झालें. हस्तिदंतावर साधुसंतांच्या मूर्ति कोरणारे कारागीर गोव्यांत होते. त्यांच्याकडे जावयाचा माल दारांत येऊन बुडाला असावा. खुद्द जहाजाचें लांकूड मात्र उरलें नाहीं. आपल्या उष्ण समुद्रांत लांकूड पोखरणारा किडा सर्व खाऊन टाकतो. स्वीडनमध्यें १६२८ सालीं बुडालेलें ‘वासा’ हें जहाज १९६१ मध्यें जवळजवळ अखंड वर निघालें, तें बाल्टिक समुद्रांत हा किडा नाहीं म्हणून. तेव्हां आपल्याकडे पाण्याखालीं शिडाडोलकाठीसह उभें गलबत पाहावयास मिळेल, अशी अपेक्षा करून जाणाऱ्याची निराशा होईल. येथें जहाज ओळखावयाचें तें त्याच्या मालावरून.

याचें दुसरें सुरेख उदाहरण गोव्याच्याच सेंट जॉर्ज रीफवर आहे. तेथें एका जहाजाचा सगळा माल म्हणजे कौलें, विटा, फरशा आणि खांबांचे मातीचे घडीव भाग. आणि त्यांवर बासेल मिशनच्या कारखान्याचें नांव व १८६५ हें साल. साल वाचून जहाज १८६५ मध्यें बुडालें असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु मंगळुरास मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्यें निघाला, आणि स्थापनेचें साल मालावर छापण्याची चाल कारखानदारांत सर्वत्र असते. म्हणून त्या आंकड्यावरून इतकेंच सिद्ध होतें कीं, जहाज त्यापूर्वीं बुडालेलें नाहीं. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यापेक्षां चांगला धडा वर्गांत मिळणार नाहीं. मंगळुरी कौलांखालीं ज्यांचें बालपण गेलें, अशीं माणसें आपल्या श्रोत्यांत पुष्कळ असतील. त्यांच्या आजोळच्या घरावर चढलेलीं कौलें आणि तीं तळाशीं पडलेलीं कौलें एकाच मालाच्या जातकुळींतलीं.

आणि म्हणूनच एक गोष्ट आग्रहानें सांगतों. तेथून कौलाचा तुकडासुद्धां उचलूं नये. शंभर वर्षांवरची वस्तु कायद्यानें पुरावस्तु ठरते, हें तर झालेंच. पण तळावर ती वस्तु जेथें पडली आहे तेथेंच तिला अर्थ आहे. बाजूला तोफ आहे कीं नांगर आहे, वर काय पडलें, खालीं काय दबलें, यावरून जहाज कोणत्या बाजूस कललें हें समजतें. दिवाणखान्याच्या कपाटांत ठेवलेला तुकडा कांहींच सांगत नाहीं. प्रवाळालाही हेंच लागू आहे, शिवाय तें जिवंत आहे. २००१ पासून प्रवाळास वन्यजीवांच्या कायद्यानें वाघाइतकेंच संरक्षण आहे. मालवणच्या समुद्राचा सुमारें २९ चौरस किलोमीटर भाग १९८७ मध्यें अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तरी पाणी तापून तेथील प्रवाळ पांढरें पडल्याच्या नोंदी गेल्या दशकांत झाल्या आहेत. आधींच आजारी असलेल्या जिवावर आपण पाय देऊन उभें राहूं नये.

बुडालेलीं सर्वच जहाजें पाहावयाचीं असतात काय? मला तसें वाटत नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं, आषाढाच्या अमावास्येस, ‘रामदास’ ही बोट सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सणासाठीं घरीं जाणारे चाकरमाने, कोळी, बायकामुलें असे सहाशेंहून अधिक लोक, काशाच्या खडकाजवळ ती कलंडली तेव्हां, थोड्याच मिनिटांत समुद्रांत गेले. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. मुंबईला बातमी कित्येक तासांनीं समजली. मासे घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनीं आपला माल समुद्रांत फेकून देऊन माणसें होड्यांत ओढून घेतलीं, असें सांगतात. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलें होतें. त्या धामधुमींत देशाला हा आकांत पुरतेपणीं ऐकूं आला नाहीं. अलिबाग-पेणकडील पुष्कळ घरांत ती अमावास्या अजूनही गोड लागत नाहीं. सतराव्या शतकांतील पोर्तुगीज खलाशीही कोणाचे तरी मुलगेच होते, हें मला मान्य आहे. तरी काळाचें अंतर पडलें कीं शोकाचा इतिहास होतो, आणि ‘रामदास’च्या बाबतींत तें अंतर अजून पडलेलें नाहीं. तिच्यावर उतरण्याचा बेत कोणी सुचवला, तर वडील माणसांनीं त्याला सरळ नकार द्यावा.

विजयदुर्गास मात्र अवश्य जावें. फेब्रुवारी १७५६ मध्यें इंग्रजांचा वॉटसन आणि जमिनीवरून क्लाइव्ह यांनीं तुळाजी आंग्र्यांवर हल्ला केला, तेव्हां आंग्र्यांच्या एका जहाजास लागलेली आग पसरत जाऊन त्यांचें सारें आरमार बंदरांत जळालें. पेशव्यांनीं त्या वेळीं इंग्रजांची मदत घेतली होती. पश्चिम किनाऱ्यावरची मराठी सत्ता अशी घरच्याच संमतीनें पाण्याखालीं गेली. ज्या खाडीवर खारेपाटणचा ताम्रपट सांपडला, तिच्याच मुखाशीं हें घडलें. गढूळ पाण्यामुळें तेथें पर्यटकाला खालीं कांहीं दिसावयाचें नाहीं. पण बुरुजावर उभें राहून खाडीकडे पाहिलें तरी पुरे.

विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें १०५ किलोमीटरांवर भर समुद्रांत एक बुडालेलें पठार आहे. त्याचा माथा पृष्ठाखालीं वीसेक मीटरांवर आहे, आणि त्यावर सुंदर प्रवाळ आहे. नकाशांत त्याचें नांव ‘आंग्रिया बँक’. (नांव ऐकून कोणी तेथें पैसे ठेवावयास जाऊं नये, बँक म्हणजे उथळ जागा.) कान्होजी आंग्रे १७२९ मध्यें वारले. ज्या इंग्रजांनीं त्यांना जन्मभर चांचा म्हटलें, त्यांच्याच भाषेंत व त्यांच्याच नकाशांवर हें नांव कायम झालें आहे. ही जागा नवशिक्याची नव्हे. पण ज्याला शिक्षण घेऊन, दोन-तीन हंगाम मालवणास घालवून, पुढें कोठें तरी पोंचावयाचें आहे, त्यानें ती मनांत धरावी.

हंगाम दिवाळीनंतरचा धरावा. पावसाळाभर समुद्र बंद असतो, आणि मे महिन्याच्या अखेरीस बिघडत्या हवेंत घाई करणें जिवावर बेततें. मे २०२२ मध्यें तारकर्लीस पर्यटकांची होडी उलटून दोघे मृत्युमुखीं पडले. लक्षद्वीप किंवा अंदमानासारखें स्फटिकाप्रमाणें पाणी मालवणास मिळणार नाहीं. कांहीं मीटरांपलीकडे धूसर दिसतें. होडींत बसतांच जीवरक्षक जाकीट अंगावर आहे कीं नाहीं, होडींत ठरल्याहून अधिक माणसें आहेत काय, एवढें पाहावें, आणि शंका आली तर उतरावें. पैसे बुडाले तर बुडूं द्यावेत.

शेवटीं एका नव्या बेताची बातमी. पोलंडमध्यें बांधलेली, १९८५ च्या डिसेंबरांत नौदलांत दाखल झालेली ‘गुलदार’ ही नौका १२ जानेवारी २०२४ रोजीं सेवेंतून निवृत्त झाली. ती निवतीजवळच्या समुद्रांत मुद्दाम बुडवून पाण्याखालचें संग्रहालय करावयाचें, अशी महाराष्ट्र शासनानें योजना आंखली. ज्या बुडण्यांत कोणी रडलें नाहीं असें हें कोंकणांतील पहिलेंच जहाज ठरावें. कित्येकांना ही कल्पना पोरकट वाटते. मला ती आवडली, आणि त्याचें कारण व्यवहारी आहे: अशा सांगाड्यावर शेवाळ धरतें, मासे आसरा घेतात, सावकाश प्रवाळही बसतें, आणि पर्यटकांची गर्दी तिकडे वळली तर सिंधुदुर्गाच्या पायथ्याचें जुनें प्रवाळ थोडा मोकळा श्वास घेईल. मात्र जहाजांतलें तेल, रंग, तारा हें सर्व आधीं खरवडून काढावें लागतें. त्या कामांत कंत्राटदाराची घाई झाली, तर संग्रहालयाऐवजीं उकिरडा होईल. निवतीच्या कोळ्यांना तेथें जाळें टाकावयाचें असतें. त्यांचें म्हणणें या बाबतींत पहिल्यानें ऐकलें पाहिजे.